फोन ऐकताना पंच कोण असतो?

गेल्या वर्षी पावसाळ्यात सकाळी साडेसहाला बेळगावातल्या आमच्या शहापुरच्या गल्लीत पोलिसांची जीप येऊन थांबली. समोरच्या काकूंच्या घरी झडती, आणि पंच म्हणून मला आणि कोपऱ्यावरच्या दुकानदार मामांना बोलावलं. कुठलं ठाणं, कुठली केस ते लिहीत नाही. वॉरंट आहे का विचारलं तर म्हणाले घाईचं काम आहे, वॉरंट लागत नाही. ते खोटं नव्हतं, बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १८५ मध्ये तशी सोय आहे, फक्त कारण आधी लिहून काढावं लागतं आणि त्याची कॉपी ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडं पाठवावी लागते. १ जुलै २०२४ पासून झडतीचं व्हिडिओ शूटिंगही सक्तीचं आहे, कलम १०५. एक पोलीस मोबाईल धरून शूटिंग करत होता.

झडती संपली, पंचनामा कन्नडमध्ये. मामांना कन्नड फाडफाड बोलता येतं पण वाचता येत नाही, आमच्याकडं अशी माणसं घरटी एक तरी निघतील. "लगूना सही माड्री" म्हणून पेन पुढं केलं. मी म्हटलं थांबा की साहेब, आधी वाचून दाखवतो. एकेक ओळ मराठीत सांगत गेलो तर मामा मधेच म्हणाले, अरे मोबाईल दोन उचलले की, एकच कसा लिहिलाय? साहेब वैतागले पण खाडाखोड करून दोन लिहिलं, शेजारी आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या, आणि कॉपी काकूंच्या हातात दिली. आता उद्या कोर्टात दुसऱ्या फोनचं काय झालं असं विचारायची वेळ आली तर काकूंच्याकडं कागद आहे.

त्या दिवसापासून एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. दारातून आत यायचं तर एवढं सगळं, आणि फोनमधून आत यायचं तर? तिथं पंच नाही, यादी नाही, घरमालकाला कॉपी नाही. कोण आलं होतं, किती दिवस बसलं होतं, काय काय नेलं, काही कळायचं नाही, आयुष्यभर.

फोन टॅप करायला कोर्टाचा वॉरंट लागतो असं आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं. लागत नाही. गृहसचिवांची सही लागते, केंद्राच्या नाहीतर राज्याच्या. १९९६ ला पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टापुढं मागणी झाली होती की आधी न्यायाधीशांनी बघावं, पण कोर्ट म्हणालं कायद्यातच तशी तरतूद नाही, आम्ही ती घालू शकत नाही, आणि त्याऐवजी काही अटी घालून दिल्या, त्यातूनच पुढं रिव्ह्यू कमिटी आली. आता १८८५ चा टेलिग्राफ कायदा जाऊन २०२३ चा टेलिकॉम कायदा आला, डिसेंबर २०२४ मध्ये नवीन नियम आले, पण सही तीच आणि कमिटीही तीच, तीन सचिवांची. म्हणजे सरकारचा एक सचिव सही करणार आणि सरकारचेच दुसरे तीन सचिव ती बरोबर आहे का बघणार, तेही दोन महिन्यांतून एकदा. डेटा संरक्षणावरच्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या अहवालात माहिती अधिकारातून मिळालेला आकडा आहे, केंद्र सरकारच महिन्याला साधारण ७५०० ते ९००० टॅपिंगच्या ऑर्डरी काढतं. एका बैठकीत पंधरा हजाराच्या वर ऑर्डरी! काकूंच्या घरचा एक पंचनामा नीट वाचायला आम्हाला वीस मिनिटं लागली होती.

आणि आयबीचं, म्हणजे केंद्राच्या गुप्तचर खात्याचं, तर वेगळंच. १८८७ पासूनची संस्था, पण तिचे अधिकार काय नि मर्यादा काय हे सांगणारा संसदेचा कायदाच नाही. २०११ ला मनीष तिवारींनी खासगी विधेयक आणलं होतं, ते तसंच राहिलं.

लगेच कोणीतरी लिहिणार, अतिरेकी पकडायचे का तुमची प्रायव्हसी सांभाळायची. मी मराठा लाईट इन्फंट्रीच्या गावात वाढलोय, आमच्या गल्लीत तीन घरांतले बाप-लेक फौजेत होते, गुप्त काम गुप्तच राहिलं पाहिजे हे मला कोणी शिकवायला नको. पण बंद खोलीत एक न्यायाधीश फाईल वाचतो याने गुप्तता कशी फुटते ते सांगा. ब्रिटनमध्ये २०१६ च्या कायद्याने मंत्र्याच्या सहीनंतर ज्युडिशियल कमिशनरची मंजुरी लागते, अगदी तातडीचं असेल तर नंतर कामाच्या तीन दिवसांत घ्यायची. त्यांच्याकडं काय अतिरेकी नाहीत?

आपल्या कर्नाटकाला तर हे लवकर कळायला पाहिजे होतं. १९८८ ला रामकृष्ण हेगडेंना टॅपिंगच्याच प्रकरणात मुख्यमंत्रीपद सोडावं लागलं. २०१७ ला प्रायव्हसी हा मूलभूत हक्क ठरला तो ज्यांच्या याचिकेवर, ते पुट्टस्वामी आपल्याच हायकोर्टाचे निवृत्त जज्ज.

२०१९ ला मुंबई हायकोर्टाने एका लाचेच्या केसमधल्या टॅपिंगच्या तीन ऑर्डरी रद्द केल्या, सार्वजनिक सुरक्षेचा काही संबंधच नव्हता म्हणून. चांगला निकाल. पण त्या माणसाला कळलं कारण त्याच्यावर केस झाली आणि रेकॉर्डिंग कोर्टात आलं. ज्याच्यावर केसच होत नाही, ज्याने काहीच केलेलं नाही, त्याला कसं कळणार? रेकॉर्ड काही महिन्यांनी नष्ट करायचा नियम आहे, तो आपल्या भल्यासाठीच केलाय, पण मग पुरावाही गेला की.

इथं सीमाभागात १ नोव्हेंबर (कर्नाटकाचा राज्योत्सव, इथल्या मराठी माणसांचा काळा दिवस) जवळ आला, विधिमंडळाचं अधिवेशन जवळ आलं की चहाच्या टपरीवर साध्या वेशातली माणसं दिसतात, कोण कुणाशी बोलतोय बघत उभी. ती निदान दिसतात. फोनवर मात्र आपली माणसं आता सहज म्हणतात, "हे फोनवर नको, भेटल्यावर सांगतो." लग्नाच्या बोलणीतसुद्धा असं म्हणणारा एक पाहुणा मी बघितलाय. खरंच कोणी ऐकतं का नाही हे मला माहीत नाही, त्यालाही माहीत नाही, आणि विचारायला जागाच नाही याची मला चीड येते.

डिसेंबरात सुवर्णसौधला, म्हणजे बेळगावच्या विधानभवनात, अधिवेशन होईल तेव्हा निवेदन द्यायचं ठरवलंय. दोनच मागण्या: राज्याच्या गृहसचिवांनी वर्षाला किती ऑर्डरी काढल्या आणि रिव्ह्यू कमिटीने त्यातल्या किती रद्द केल्या तेवढा आकडा जाहीर करा, नावं नकोत. आणि सहीच्या आधी न्यायाधीशांनी बघावं म्हणून विधानसभेने केंद्राला ठराव पाठवावा. मराठीत मी लिहिलंय, कन्नड कॉपी एक वकील मित्र करून देतोय. मामांनी पहिली सही केली, दोन्ही कॉपी वाचून घेतल्यावर.

सही करायला कोण येणार ते खाली लिहा.