लिलची पाचवी ट्रॉफी?

फ्रेंच फुटबॉलवरचा हा लेख मस्त जमलाय. पण त्यातलं "फ्रान्सची पहिली व्यावसायिक लीग लिलने जिंकली" हे वाक्य मात्र खटकलं. आजच्या लिल क्लबच्या खात्यात 1946, 1954, 2011 आणि 2021 अशी लीगची चारच विजेतेपदं आहेत. 1932-33 ची ती पहिली लीग लिल शहरातल्याच 'ऑलिंपिक लिलवा' या दुसऱ्या क्लबची, आणि तो क्लब आता अस्तित्वातच नाही.

त्या हंगामाची गोष्ट तर भन्नाट आहे. वीस संघ, दहा-दहाचे दोन गट, आणि गटविजेत्यांची फायनल. दुसऱ्या गटात आंतिब अव्वल होता, पण शेवटच्या सामन्यात त्याने फिव्हला 5-0 ने धुतलं आणि मॅच फिक्सिंगचा संशय आला. झालं, आंतिब बाद आणि कान या क्लबला फायनलचं आयतं तिकीट! पॅरिसजवळच्या कोलोंबमधल्या फायनलमध्ये लिलवाने कानला 4-3 ने हरवलं. म्हणजे व्यावसायिक लीगचा श्रीगणेशाच भानगडीने झाला म्हणायचा.

गंमत म्हणजे हे फिव्ह लिलचंच उपनगर, कारखान्यांचं आणि कामगारांचं. त्यांचा क्लब लिलवाचा सख्खा शेजारी आणि पक्का वैरी. पुढे युद्धाने दोघांचंही कंबरडं मोडलं आणि 1944 मध्ये दोघांना एकाच छपराखाली यावं लागलं. या नव्या क्लबने, म्हणजे आजच्या लिलने, दुसऱ्याच हंगामात लीग आणि कप दोन्ही मारले. तेव्हा फिव्हच्या जुन्या समर्थकांनी टाळ्या नक्की कुणासाठी वाजवल्या असतील?

लेखकांनी फिव्हवरही एकदा लिहावं. 1934 मध्ये लीगमध्ये दुसरा आलेला क्लब आहे तो, अगदीच ऐरागैरा नाही.