‘स्वान लेक’ 1877 ला आपटलं, मग आज आपण काय पाहतो?

एखादी परदेशी बॅले कंपनी दौऱ्यावर निघाली आणि ‘स्वान लेक’ची जाहिरात झळकली, की एक संदेश हमखास फिरू लागतो. सोबत रशियन नर्तिका आना पाव्हलोवाचा हंसाच्या पोशाखातला फोटो असतो. मजकूर साधारण असा: 1877 साली मॉस्कोत हे बॅले पहिल्याच रात्री सपशेल पडलं आणि लगेच बंद झालं, त्याचा संगीतकार चायकोव्हस्की त्याच दुःखात खचून गेला, पुढे नृत्यरचनाकार मारियस पेतिपाने एकट्याने ते वाचवलं, आणि फिरत्या कंपन्या आज दाखवतात ते मूळ बॅले जसंच्या तसं. यातलं जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचं आहे.

आधी ‘लगेच बंद झालं’ हे पाहू. पहिला प्रयोग 4 मार्च 1877 रोजी मॉस्कोच्या बल्शोय थिएटरात झाला. ज्युलियस रायझिंगरची नृत्यरचना सामान्य होती, नेपथ्यावर टीका झाली आणि बॅलेसाठी हे संगीत फार जड वाटतं, असंही लिहिलं गेलं. म्हणजे स्वागत थंड झालं हे खरंच. पण हे बॅले 1883 पर्यंत रंगमंचावर होतं. 1880 आणि 1882 मध्ये योसेफ हान्सेनने ते नव्याने बसवलं. पडलेल्या कलाकृतीवर कोणतंही नाट्यगृह सहा वर्षं पैसा घालत नाही.

चायकोव्हस्की या कामावर खूश नव्हता, हेही खरं. फ्रेंच संगीतकार देलिबचं ‘सिल्विया’ हे बॅले ऐकल्यावर त्याला स्वतःचं संगीत फिकं वाटलं आणि तसं त्याने पत्रात लिहिलं. पण ‘खचून गेला’? त्यानंतर ‘स्लीपिंग ब्यूटी’ 1890 चं, ‘नटक्रॅकर’ 1892 चं. 1891 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलच्या उद्‌घाटनाला तो पाहुणा वाद्यवृंद-संचालक म्हणून गेला होता. 6 नोव्हेंबर 1893 ला तो वारला, त्याच्या जेमतेम नऊ दिवस आधी त्याने आपल्या सहाव्या सिंफनीचा पहिला प्रयोग स्वतः सादर केला होता. शिवाय फेब्रुवारी 1888 मध्ये प्रागला ‘स्वान लेक’चा दुसरा अंक त्याच्यासमोर झाला, तेव्हा निखळ आनंदाचा क्षण लाभल्याची नोंद त्याच्या रोजनिशीत आहे. मला ही नोंद फार मोलाची वाटते. या संगीताने त्याला फक्त दुःखच दिलं, असं म्हणणाऱ्याने ती वाचावी.

फोटोचा मुद्दा छोटा आहे. पाव्हलोवाचा तो हंस ‘स्वान लेक’मधला नाहीच. ते ‘मरणारा हंस’ हे मिखाईल फोकिनने तिच्यासाठी रचलेलं काही मिनिटांचं स्वतंत्र नृत्य, आणि त्याचं संगीत सेंट-सान्सचं. पाव्हलोवा आपला संच घेऊन मुंबईतही येऊन गेली होती, आणि तिच्याच प्रोत्साहनाने लीला सोखे, म्हणजेच मादाम मेनका, कथककडे वळल्या. त्यामुळे आपल्याकडे तरी ही गल्लत व्हायला नको.

आता ‘जसंच्या तसं’. 1877 च्या संहितेत नायिका ओडेटच्या, म्हणजे हंसिनी झालेल्या मुलीच्या, जिवावर उठलेली असते तिची सावत्र आई. ती घुबडाच्या रूपात येते, आणि डोक्यावरचा मुकुट ओडेटचं रक्षण करतो. शेवटी राजपुत्र तोच मुकुट हिसकावून तळ्यात फेकतो आणि दोघंही पुरात बुडतात. आज हे कुठे दिसतं? आजचा खलनायक रोथबार्ट. तो ज्या रूपात दिसतो ते 1895 च्या पीटर्सबर्गच्या आवृत्तीने दिलं. तिच्यासाठी संगीतकाराचा भाऊ मोदेस्त याने कथा बदलली आणि संगीतकार रिकार्दो द्रिगोने संगीत कापलं, हलवलं, चायकोव्हस्कीच्या पियानोरचना वाद्यवृंदासाठी बांधून त्यात घातल्या. तिसऱ्या अंकात ओडील, म्हणजे ओडेटसारखी दिसणारी रोथबार्टची मुलगी, राजपुत्राला भुलवते ते सुप्रसिद्ध युगुलनृत्य ज्या संगीतावर होतं, ते मुळात पहिल्या अंकासाठी लिहिलेलं होतं. नर्तिका पिएरिना लेन्यानीचे 32 फुएते, म्हणजे एका पायावरच्या सलग गिरक्या, 1895 चे, ओडीलचा काळा पोशाख रूढ झाला तो विसाव्या शतकात, आणि राजपुत्र रोथबार्टचा पंख उपटतो व दोघं सुखाने जगतात हा शेवट सोव्हिएत काळातला. दौऱ्यावरच्या प्रयोगात यापैकी कोणतंही मिश्रण असू शकतं. त्यात कमीपणा काहीच नाही; संगीत नाटकाच्या दौऱ्यातही पदं गाळली जातातच. मात्र त्याला ‘1877 चं मूळ’ म्हणून तिकीट विकणं ही प्रेक्षकाची दिशाभूल आहे.

सर्वांत जास्त खटकतं ते ‘पेतिपाने एकट्याने’. चायकोव्हस्कीच्या स्मरणार्थ 1894 मध्ये पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरात दुसरा अंक सादर झाला, तो लेव्ह इव्हानोव्हने रचला होता. 27 जानेवारी 1895 ला संपूर्ण बॅले आलं तेव्हा पहिला आणि तिसरा अंक पेतिपाचा होता, दुसरा आणि चौथा इव्हानोव्हचा. म्हणजे चांदण्यातलं तळं, पांढऱ्या हंसिनींच्या रांगा, हात गुंफून एका लयीत सरकणाऱ्या त्या चौघी, ओडेट आणि राजपुत्राचं पहिलं युगुलनृत्य, हे सगळं इव्हानोव्हचं. तिसऱ्या अंकातली व्हेनिसची आणि हंगेरीची नृत्यंही त्याचीच. ‘स्वान लेक’ म्हटल्यावर जगभर जे चित्र डोळ्यांपुढे येतं, ते या माणसाने घडवलं. तो पेतिपाच्या हाताखालचा दुसऱ्या क्रमांकाचा बॅले मास्टर. ‘नटक्रॅकर’च्या वेळी पेतिपा आजारी पडला तेव्हाही काम त्याच्याच गळ्यात आलं. 1901 मध्ये तो हलाखीत वारला.

तिकीट काढताना जाहिरातीत नृत्यरचनेसमोर कोणाचं नाव आहे ते बघा, आणि नुसतं ‘पेतिपा’ असेल तर आयोजकांना विचारा. तो संदेश पुढे पाठवायचाच असेल, तर त्यातलं ‘एकट्याने’ खोडून तिथे लेव्ह इव्हानोव्हचं नाव लिहा.