‘पाण्याला विमा नसतो’ म्हणे!

पावसाळा तोंडावर आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास उगवतो. यंदा तिघांनी पाठवला. त्याचं म्हणणं असं: घरातला पाइप फुटून नुकसान झालं तर विमा कंपनी छदामही देत नाही, कारण पाण्याला विमा नसतो. तरी क्लेम करायचाच असेल तर सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला येणारा माणूस, येईपर्यंत कशालाही हात लावू नका. जुन्या वस्तूंची बिलं नसतील तर नाद सोडा. फ्लॅटच्या बाजारभावाएवढा विमा नसेल तर त्या प्रमाणात पैसे कापतात. आणि सोसायटीचा विमा असताना वेगळा हवाच कशाला? खाली ‘जनहितार्थ’.

या जनहितार्थ सल्ल्यातलं एकही वाक्य धड नाही. मी स्वतः असा क्लेम केलेला आहे, म्हणून लिहिते.

पाण्याला विमा असतो. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही ठरावीक पॉलिसी आली. विमा कंपन्यांच्या नियामकाने, म्हणजे इर्डाने, मजकूर बांधून दिला असल्यामुळे कुठल्याही कंपनीकडून घ्या, मूळ कलमं तीच. त्यात आग, भूकंप, वादळ, पूर यांच्याच रांगेत पाण्याच्या टाक्या, उपकरणं आणि पाइप फुटणं किंवा भरून वाहणं हेही लिहिलेलं आहे. त्यासाठी वेगळे पैसे भरावे लागत नाहीत.

मग ही अफवा आली कुठून? बहुतेक ओलीमुळे. बाथरूमच्या भिंतीतून दोन वर्षं झिरपतंय, रंगाचे पोपडे निघतायत, आणि एक दिवस माणूस क्लेम टाकतो. तो नाकारला जातो, कारण हळूहळू होणारी झीज आणि गळती पॉलिसीत बसत नाही. ते दुखणं दुरुस्तीचं आहे, अपघाताचं नव्हे. सगळा खेळ ‘अचानक फुटला’ आणि ‘कधीपासून गळत होता’ यातल्या फरकाचा आहे.

म्हणूनच ‘हात लावू नका’ हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. आमच्याकडे पहाटे साडेपाचला वॉशबेसिनखालच्या कनेक्शन पाइपचा पितळी नट तडकला. जाग आली तेव्हा चपला पॅसेजमध्ये तरंगत होत्या आणि बेडरूमच्या उंबऱ्यावरून पाणी आत चाललं होतं. आधी कॉक बंद केला. मग मोबाइलवर व्हिडिओ: पाणी कुठून येतंय, कुठवर गेलंय, कपाटाच्या तळाशी किती चढलंय. तेवढं झाल्यावर पुसायला घेतलं. पाणी तसंच ठेवून सर्व्हेअरची वाट पाहिली असती तर प्लायवूड आणखी फुगलं असतं, आणि ते वाढीव नुकसान कंपनीने माझ्याच माथी मारलं असतं. नुकसान वाढू न देणं ही विमेदाराचीच जबाबदारी असते. फेकायचं मात्र काही नाही. भिजलेली गादी, कपाटाची सुटलेली पट्टी, सगळं बाल्कनीत रचून ठेवलं होतं.

आणि तो नट. प्लंबर तो सवयीने कचऱ्यात टाकायला निघाला होता. मी काढून दुधाच्या रिकाम्या पिशवीत ठेवला. सर्व्हेअरने कपाटापेक्षा जास्त वेळ त्या नटाकडे पाहिलं. उजेडात धरून चीर तपासली. आतली कड लखलखीत होती, क्षाराचा पांढरा थर नव्हता. जुनी गळती असती तर तो थर साचलाच असता. प्लंबरच्या बिलाचंही तसंच. तो ‘किरकोळ काम’ एवढंच लिहून मोकळा होतो. तारीख, काय फुटलं, कुठे फुटलं, हे त्याच्याकडून लिहून घ्या.

बिलांचं भय तर उगाच आहे. नियामकाच्या जून २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे केवळ कागदपत्रं नाहीत म्हणून क्लेम फेटाळता येत नाही. त्यातच मुदतीही आहेत: क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा, आणि अहवाल मिळाल्यावर कंपनीने ७ दिवसांत निर्णय द्यायचा. माझ्याकडे कपाटाचं बिल नव्हतं. सुताराला दिलेल्या पैशांच्या बँकेतल्या नोंदी आणि मुलीच्या वाढदिवसाच्या फोटोत मागे दिसणारं धडधाकट कपाट, एवढ्यावर भागलं.

बाजारभावाचा मुद्दा साफ उलटा. बाजारभावात जमिनीची किंमत असते, आणि जमीन पाइप फुटून वाहून जात नाही. विमा बांधकामाच्या खर्चाचा काढायचा: चटई क्षेत्र (कार्पेट एरिया) गुणिले बांधकामाचा दर. शिवाय गृह रक्षात रक्कम कमी पडली म्हणून प्रमाणात कपात होत नाही. विम्याच्या रकमेपर्यंतचं नुकसान पूर्ण मिळतं. घराच्या विम्यासोबत सामानालाही इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. दागिन्यांसाठी मात्र वेगळं कलम घ्यावं लागतं.

सोसायटीची पॉलिसी इमारतीची असते. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार, बाहेरच्या सामाईक पाइपलाइनची गळती सोसायटीने काढायची, हे खरं. तुमचा सोफा तिच्या पॉलिसीत नसतो.

एवढं करूनही कंपनीने नाही म्हटलं तर आधी तिच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. फी नाही, वकील नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, तेव्हा मेसेज पाठवणाऱ्या तिघांपैकी एक काका संध्याकाळी फाइल घेऊन घरी आले. कर्ज घेताना बँकेने ‘घराचा विमा’ म्हणून काढून दिला होता, वीस वर्षांचा. दोघांनी मिळून पहिल्या पानापासून वाचला. तो काकांच्या आयुष्याचा होता, कर्ज फिटावं म्हणून. घर त्यात कुठेच नव्हतं.