‘पगार चर्चचा, इतिहासही चर्चचाच’ : ‘तर्कट’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

मॉर्मन इतिहासकारांवरच्या माझ्या लेखाखाली ‘तर्कट’ या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली आहे. (मॉर्मन म्हणजे जोसेफ स्मिथने एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत स्थापन केलेला पंथ; त्याचं मुख्य ठाणं यूटा राज्यात. ‘चर्च’ म्हणजे इथे त्यांचंच चर्च.) तिला अंगठेही बरेच मिळालेत. मोडतोड केली असं म्हणायला जागा नको, म्हणून ती जशीच्या तशी देतो :

“काका, यूटात राहून आल्याचा थाट छान आहे. पण पगार चर्चचा आणि इतिहासही चर्चचाच, याला संशोधन नाही, जाहिरात म्हणतात. ते सहा जण सगळेच्या सगळे बहिष्कृत झाले नव्हते, एवढं तरी तपासायचं. पपायरसचा विषय सोयीस्करपणे गाळलात. बाकी मराठी वाचकाला याच्याशी काय देणंघेणं? चार इंग्रजी पुस्तकं चाळून असले लेख कुणीही पाडेल.”

सुरुवात ‘काका’पासून करू. मला पुतणे आहेत. ते मला काका म्हणतात आणि दिवाळीला पाया पडतात. तुम्ही यातलं दुसरं करणार नसाल तर पहिलंही करू नका. वाद घालायचाय तर नावाने हाक मारा. माझं नाव लेखाच्या वर ठळक छापलेलं आहे. तुमचं मात्र कुठेच दिसत नाही.

मग ‘थाट’. मी पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होतो. १९८० नंतर रजा घेऊन सिंचनाच्या पुढच्या शिक्षणासाठी लोगनला, यूटा स्टेट युनिव्हर्सिटीत गेलो. पाटाच्या पाण्याचं शिक्षण घ्यायचं तर आमच्या खात्यात तेव्हा ते नाव आदराने घेतलं जायचं. तिथले जुने कालवे मॉर्मनांनी खणलेले. जुलै १८४७ मध्ये त्यांची पहिली तुकडी सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरली तेव्हा जमीन इतकी टणक होती की नांगर चालेना. त्यांनी सिटी क्रीकचा ओढा वळवला, रान भिजवलं आणि मग नांगरलं. हे मला इतिहासाच्या नाही, सिंचनाच्या तासाला कळलं. सुरुवातीच्या काळात पाण्याच्या पाळ्यांवर गावच्या बिशपची देखरेख असायची. शेजपाळीवरून होणारी भांडणं ज्याने मिटवली आहेत त्याला यातली गंमत वेगळी समजवावी लागत नाही. त्याच नादात लेनर्ड आरिंग्टन यांचं ‘ग्रेट बेसिन किंग्डम’ हातात पडलं. १९५८ चं पुस्तक, मॉर्मनांचा आर्थिक इतिहास. लेखक त्याच युनिव्हर्सिटीत अर्थशास्त्र शिकवून गेलेले. मी ते चाळलं नाही, तर्कटराव. तळटीपांसकट वाचलं, आणि त्या तळटीपांनी मला कालव्यांवरून कागदपत्रांवर नेलं.

राहायला होतो एका मॉर्मन विधवा बाईंकडे. तळघरात गव्हाचे सीलबंद डबे छतापर्यंत रचलेले, प्रत्येकावर काळ्या मार्करने वर्ष लिहिलेलं आणि कोपऱ्यात हाताने फिरवायची गिरणी. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास. वाचलेल्या जेवणाचे पैसे गरिबांसाठी चर्चला द्यायचे. (साबुदाणा वगैरे नाही हं. पाणीसुद्धा नाही.) पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला पणजोबांचं नाव विचारलं, मग त्यांच्या वडिलांचं. मी तिथेच अडखळलो तेव्हा बाईंना माझ्याबद्दल मनापासून वाईट वाटलं. त्यांची स्वतःची वंशावळ दिवाणखान्यात फ्रेम करून टांगलेली होती. आणि मॉर्मनांनी केलेल्या कत्तलीवरचं ज्वानिटा ब्रुक्स यांचं पुस्तक? ते स्वयंपाकघरातल्या कपाटात, पाककृतींच्या वह्यांच्या मागे. हा थाट नव्हे. मी तिथे भाडं भरून राहिलो आहे.

आता तुमच्या ‘पगार चर्चचा, इतिहासही चर्चचाच’ या वाक्याकडे येतो, कारण अंगठे त्यालाच पडले आहेत.

११ सप्टेंबर १८५७ रोजी दक्षिण यूटात माउंटन मेडोज इथे आर्कान्सातून कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या एका तांड्याची कत्तल झाली. काही दिवस वेढा दिल्यावर मॉर्मन मिलिशियाने, म्हणजे त्यांच्या स्थानिक सशस्त्र दलाने, पांढरं निशाण दाखवून त्यांना शस्त्रं खाली ठेवायला लावली आणि मग सुमारे १२० माणसं मारली, बायका आणि मुलं धरून. फक्त १७ लहान मुलं वाचली. वीस वर्षांनी जॉन डी. ली या एकट्या माणसाला त्याच जागेवर नेऊन गोळ्या घातल्या आणि विषय संपला असं सगळ्यांनी ठरवलं.

ज्वानिटा ब्रुक्स त्याच मुलखातल्या. नेव्हाडातल्या एका खेड्यात त्या तरुणपणी शिक्षिका होत्या. नेफाय जॉन्सन नावाचा एक म्हातारा त्यांच्याकडे आला आणि म्हणाला, माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं मी कधी तोंडाने बोललेलो नाही. मरण्याआधी ते तुम्ही लिहून घ्यावं. शाळेच्या कामात बाईंनी चालढकल केली. १९१९ मध्ये त्या पोचल्या तेव्हा तो अंथरुणाला खिळलेला, भ्रमात. मध्येच किंचाळायचा : रक्त, रक्त, रक्त. जॉन्सन त्या दिवशी माउंटन मेडोजला हजर होता. या बाईंनी पुढे सगळं शोधून १९५० मध्ये पुस्तक छापलं आणि स्पष्ट लिहिलं की कत्तल स्थानिक चर्चपुढाऱ्यांच्या हुकमाने झाली, लीला बळीचा बकरा केलं गेलं. चर्चने त्यांना काढलं नाही, पण आपल्याच माणसांत त्यांना गार वागणूक मिळाली. बाई मात्र शेवटपर्यंत चर्चला जात राहिल्या.

त्या पगारी नव्हत्या म्हणाल. बरोबर. मग २००८ चं घ्या. त्याच कत्तलीवर ऑक्सफर्डने जे जाडजूड पुस्तक काढलं त्याचे तीन लेखक, वॉकर, टर्ली आणि लेनर्ड, चर्चच्याच संस्थांतून आलेले. टर्ली तर चर्चच्या इतिहास खात्यातले वरचे अधिकारी. चर्चची सगळी कपाटं त्यांना उघडी होती. आणि निघालं काय? आपल्याच माणसांनी, आपल्याच पुढाऱ्यांच्या सांगण्यावरून, निःशस्त्र माणसं मारली. तेव्हाचा चर्चप्रमुख ब्रिघम यंग याने हुकूम दिला नव्हता असा त्यांचा निष्कर्ष आहे आणि त्यावर बाहेरचे अभ्यासक वाद घालतात; घालू देत. पण साबण विकणारा आपल्याच जाहिरातीत “या साबणाने अंग भाजलं होतं” असं छापतो का?

मायकेल क्विन यांचं उदाहरण तर माझ्या लेखातच होतं. ते तुम्ही वाचलंत की नुसती संख्या मोजलीत? १८९० मध्ये चर्चने बहुपत्नीत्व सोडल्याचा जाहीरनामा काढला. त्यानंतरही नेत्यांच्या संमतीने अशी लग्नं लागत राहिली, हे क्विन यांनी १९८५ मध्ये पुराव्यासकट छापलं. तेव्हा ते कुठे नोकरी करत होते? ब्रिघम यंग युनिव्हर्सिटीत. म्हणजे पगार चर्चचाच. १९८८ मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली, १९९३ मध्ये बहिष्कार झाला. आरिंग्टन १९७२ मध्ये चर्चचे अधिकृत इतिहासकार झाले, त्या पदावर बसलेला पहिला व्यावसायिक इतिहासकार. दप्तरं उघडली, तरुण अभ्यासक जमवले, पुस्तकांचा धडाका लावला. मग वरिष्ठांना कापरं भरलं. त्यांच्यापैकी बॉइड पॅकर यांनी १९८१ मध्ये चर्चच्या शिक्षकांना सुनावलं की खऱ्या गोष्टी सगळ्याच फार उपयोगाच्या नसतात. १९८२ मध्ये आरिंग्टन यांना गाजावाजा न करता पदावरून मोकळं केलं. मी तेव्हा त्याच राज्यात होतो, कॉलेजच्या कँटीनमध्ये लोक आवाज खाली करून त्यावर बोलत. ही माणसं जाहिरात लिहीत होती तर मालकाला त्यांचा एवढा जाच का झाला?

आणखी एक. कर्टलंड, नॉवू, सॉल्ट लेक असा पंथाच्या एकेका ठाण्यातून प्रवास केलेले संस्थापक जोसेफ स्मिथचे कागद २००८ ते २०२३ या काळात २७ खंडांत छापले गेले. काम चर्चच्या इतिहास खात्याचं, पैसा मुख्यतः लॅरी मिलर यांच्या कुटुंबाचा. हे मिलर म्हणजे मोटारींचे विक्रेते आणि यूटा जॅझ या बास्केटबॉल संघाचे तेव्हाचे मालक. (घ्या, पगारसुद्धा पुरता चर्चचा निघाला नाही.) त्यातली १८३२ ची हकिगत मूळ पानांच्या छायाचित्रांसह पाहता येते. जोसेफला झालेल्या पहिल्या ईश्वरदर्शनाची ही सगळ्यात जुनी नोंद. हस्ताक्षर कधी त्याचं, कधी लेखनिक फ्रेडरिक विल्यम्सचं, मध्येच एकाचं थांबून दुसऱ्याचं सुरू होतं. यात त्याला ‘प्रभू’ दिसतो, एकच. पुढे १८३८ मध्ये सांगितलेली आणि आज चर्चमध्ये शिकवली जाणारी हकिगत वेगळी. तिच्यात पिता आणि पुत्र अशा दोन व्यक्ती आहेत. आणि ही १८३२ ची पानं वहीतून कापून काढलेली होती, नंतर टेपने परत चिकटवलेली. कापल्याच्या कडा दिसतात. सामान्य वाचकाला १९६५ पर्यंत हा मजकूर असल्याचाच पत्ता नव्हता. ज्यांच्या कपाटात ती वही होती त्यांच्याच खात्याने ती पानं, ती कात्रण, तो टेप, सगळं उजेडात मांडलं. १८४४ साली गुप्तपणे स्थापन झालेल्या ‘कौन्सिल ऑफ फिफ्टी’ या पंथाच्या राजकीय मंडळाचं इतिवृत्तही असंच, पावणेदोनशे वर्षं कुलुपात राहून २०१६ मध्ये छापून आलं. “अजून काय काय लपवलंय कुणास ठाऊक” हे तुमचं पुढचं वाक्य मला आत्ताच ऐकू येतंय. कुणास ठाऊक, हे खरंच. पण ‘कुणास ठाऊक’ हा पुरावा नव्हे.

आणि हा पगाराचा न्याय लावायचाच तर घरापासून लावा. रियासतकार सरदेसाई वर्षानुवर्षं गायकवाडांच्या चाकरीत होते. पुढे पेशवे दप्तरातले ४५ खंड त्यांनी संपादित केले ते मुंबई सरकारच्या, म्हणजे इंग्रजांच्या खर्चाने. ते खंड इंग्रजांची जाहिरात आहेत असं भारत इतिहास संशोधक मंडळाच्या पायरीवर उभं राहून म्हणून दाखवा, मी तुमच्यासाठी चहा घेऊन येतो. मंडळाच्या लोकांनी त्या प्रकल्पावर टीका केली होती, हे मलाही माहीत आहे. पण त्यांनी खंड वाचून, कागद ताडून टीका केली. पगारपत्रक पाहून नव्हे.

आता तुमचा रास्त मुद्दा, कारण मी हट्टी नाही. सप्टेंबर १९९३ मध्ये चर्चने ज्या सहा अभ्यासक-लेखकांवर कारवाई केली त्यांपैकी पाच बहिष्कृत झाले. लिन व्हाइटसाइड्स यांचं सभासदत्व राहिलं, फक्त त्यातले हक्क काढून घेतले गेले. मी सहांना एकाच शब्दात गुंडाळलं होतं. लेखात बदल केला आहे, आभार. मात्र हेच “लेखात अमुक दुरुस्ती हवी” असं साध्या भाषेत लिहिलं असतं तर तुमचं काही कमी झालं नसतं. “एवढं तरी तपासायचं” हा स्वर मी साहेबांचासुद्धा ऐकून घेतला नाही, आणि त्याची किंमत बदलीच्या रूपाने मोजलेली आहे.

मराठी वाचकाला काय देणंघेणं? १८५२ मध्ये ह्यू फिन्डले नावाचा मॉर्मन प्रचारक मुंबईत उतरला आणि तिथून पुण्याला गेला. ब्रिघम यंगची मंडळी यूटाच्या वाळवंटात स्थिरावून पाचच वर्षं झाली होती तेव्हा पुण्याच्या छावणीत त्यांची छोटीशी शाखा उभी राहत होती. ती टिकली नाही. पण जो वाचक पानिपतावर हजार पानं वाचतो त्याला दुसऱ्यांच्या इतिहासाची दोन पानं जड जावीत असं मला वाटत नाही. तुम्हाला जड गेली असतील तर तो प्रश्न वेगळा.

राहिला पपायरस, म्हणजे प्राचीन इजिप्तमधला लव्हाळ्याचा कागद. १८३५ मध्ये कर्टलंडला २४०० डॉलर मोजून घेतलेल्या ममी आणि गुंडाळ्या, त्यांतून जोसेफने भाषांतर म्हणून ‘काढलेलं’ अब्राहमाचं पुस्तक हा मॉर्मन धर्मग्रंथ, १९६७ मध्ये मेट्रोपॉलिटन म्युझियमने चर्चला दिलेले तुकडे, त्यांवर निघालेला मृतांसोबत ठेवायचा इजिप्शियन मजकूर आणि अब्राहमाचा कुठेही नसलेला मागमूस, हे सगळं मला ठाऊक आहे. खुद्द चर्चनेच २०१४ मधल्या आपल्या निबंधात तुकड्यांवरची अक्षरं आणि छापलेलं पुस्तक जुळत नसल्याचं मान्य केलेलं आहे. माझा लेख इतिहासकारांवर होता, धर्मग्रंथावर नव्हता, म्हणून ते आलं नाही. यात सोय कसली? त्यावर स्वतंत्र लेख लिहायला घेतलेला होता. आता तो थोडा उशिरा टाकीन, नाहीतर तुमच्या सांगण्यावरून लिहिला असं तुम्ही गावभर सांगाल.