डिकी उघडा

आमच्या दोडामार्गात कुणाच्या स्कूटरच्या डिकीत काय आहे हे सगळ्या गावाला पाठ असतं. एकाच्या डिकीत भर उन्हाळ्यात रेनकोट, दुसऱ्याच्या डिकीत सासऱ्यांच्या एक्स-रेचा मोठा लिफाफा (अर्धा बाहेर, कारण तो मावत नाही), तिसऱ्याच्या डिकीत गेल्या वर्षीच्या लग्नाची वाटायची राहून गेलेली आमंत्रणं. इतका पारदर्शक कारभार दुसऱ्या कुठल्या गावात आढळायचा नाही. हे तालुक्याचं ठिकाण महाराष्ट्राच्या अगदी काठावर आहे. बाजारपेठ संपते न संपते तोच गोव्याचा डिचोली तालुका लागतो. काठावर राहिलं की दर काही महिन्यांनी वरून हुकूम येतो, ‘सीमेवर तपासणी कडक करा.’ वरच्यांना सीमा नकाशात दिसते, आम्हाला सीटखाली.

एरवी ती कुणाच्या ध्यानातही नसते. सकाळचे उंडे (गोव्याचे गोल पाव) पलीकडचे, शुक्रवारचा बाजार म्हापशाचा, पोरांची शिफ्ट थिवी, करासवाडा नाहीतर पिळर्णला, आणि छातीत कळ आली की बांबोळीचं सरकारी इस्पितळ. सावंतवाडी आपली खरी, पण लांब. मोबाइल कंपन्यांनी महाराष्ट्र आणि गोवा एकाच सर्कलमध्ये घातलेत. दोघांचं उच्च न्यायालय एक. तिलारी धरणाच्या पाण्यात गोव्याचा वाटा 73.30 टक्के आणि आमचा 26.70, ते पाणी कालव्यातून राजरोस पलीकडे जातं आणि कुणी त्याला थांबवून पीयूसी मागत नाही.

माणसाला मागतात. बाहेरच्यांना वाटतं, डिकी उघडणं म्हणजे किल्ली फिरवणं. त्यांनी एकदा जुलैत येऊन बघावं.

बॅरिकेड समोरासमोर नसतात, तिरपे मागेपुढे लावलेले असतात, म्हणजे गाडीला नागमोडी जावं लागतं आणि वेग आपोआप उतरतो. तिथे उतरायचं, इंजिन बंद करायचं, स्टँड लावायचा, किल्ली फिरवायची. किल्लीपासून सीटच्या आकड्यापर्यंत एक तार जाते. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात त्या तारेच्या नळीत पाणी आणि चिखल शिरतो, आकडा गंजतो, आणि दोनेक वर्षांत तार ताणून सैल होते. मग किल्ली फिरते, पण ‘टक’ होत नाही. पोलिसाची नजर इथेच बदलते. जी डिकी उघडत नाही तिच्यात काहीतरी असणारच, हा जगभरच्या पोलिसांचा सिद्धान्त आहे. उपाय असा: एका हाताने सीट मागच्या बाजूला खाली दाबायची आणि त्याच क्षणी दुसऱ्या हाताने किल्ली फिरवायची. आकड्यावरचा ताण गेला की तो सुटतो. छत्री धरायला तिसरा हात लागतो, तो बहुधा मागे बसलेल्या वहिनींचा असतो आणि त्यांच्या दुसऱ्या हातात अंडी असतात. तार तुटलीच तर मेकॅनिक मागचं प्लॅस्टिक सोडवून आतली तार पकडीने ओढतो. तोवर तुम्ही संशयित. आकड्यावर महिन्याला दोन थेंब मशीनचं तेल सोडावं. घरचं म्हणून खोबरेल सोडू नये. ते थंडीत थिजतं, आणि मग मार्गशीर्षातल्या सकाळी डिकी उघडायला आधी ऊन यावं लागतं.

डिकी भरण्याचंही शास्त्र आहे. मासळी तळाला, जाड पिशवीत, तोंडाला दुहेरी गाठ, नाहीतर बर्फाचं पाणी आरसी बुकाच्या झेरॉक्सला लागतं आणि गाडीला कायमचा बांगड्याचा वास येतो. त्यावर भाजी, सर्वांत वर उंडे. सीमा सैल असते तेव्हा हा क्रम निर्दोष आहे. ती कडक झाली की वरची वस्तू पहिली दाबून बघितली जाते. उंड्याच्या पिशवीत बाटली राहू शकते हे ज्या कुणा विद्वानाने पहिल्यांदा दाखवून दिलं, त्याच्या नावाने आजवर हजारो निरपराध उंडे चेपले गेले आहेत.

सगळं घोडं बाटलीवर अडलेलं आहे. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, विक्रीकराचे नाके इतिहासजमा झाले, साबणापासून सिमेंटपर्यंत सगळ्याचा कर देशभर एक झाला. आमच्या कामाच्या दोन वस्तू तेवढ्या बाहेर राहिल्या, पेट्रोल-डिझेल आणि पिण्याची दारू. त्यांच्यावर जे ते राज्य आपापला कर लावतं, म्हणून दोन्ही पलीकडे स्वस्त. पैकी पेट्रोल टाकीतून येतं आणि टाकीत टॉर्च मारून बघायची पद्धत नाही. बाटली मात्र डिकीत ठेवावी लागते. थोडक्यात, सध्या आमच्या सीमेचा आकार 750 मिलीचा आहे.

इथे पाहुणे हटकून फसतात. ‘आमच्याकडे परमिट आहे,’ म्हणतात. पाच रुपयांचा एक दिवसाचा किंवा हजार रुपयांचा आजन्म परवाना पिण्याचा असतो. गोव्याच्या बाटलीवर ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ असं छापलेलं असतं, म्हणजे तिच्यावर महाराष्ट्राचा कर भरलेला नसतो. पिणारा कायदेशीर, बाटली बेकायदेशीर. 2022 मध्ये तर उत्पादन शुल्क मंत्र्यांनी जाहीर केलं की गोव्याची एक बाटली आणली तरी गुन्हा, आणि पुन्हापुन्हा सापडणाऱ्यावर मोक्का. त्यानंतर काही दिवस आमच्याकडे लोक खोकल्याच्या औषधाचंसुद्धा बिल जवळ बाळगत होते.

सापडल्यावर काय होतं ते आम्ही पेपरात वाचतो, आणि त्यातल्या आकड्यांवर आमचं प्रेम आहे. कारवाईत गाडीही जप्त होते आणि तिची किंमत मुद्देमालात धरली जाते. समजा तीनशेच्या दोन बाटल्या आठ लाखांच्या मोटारीत सापडल्या, तर बातमी येते, ‘आठ लाख सहाशे रुपयांचा मुद्देमाल जप्त’. मुंबईच्या आत्याला वाटतं, भाचा मोठा तस्कर झाला.

पंचनाम्याला दोन पंच लागतात. कडक तपासणीच्या काळात नाक्याजवळच्या माणसाला सर्वांत मोठी भीती पकडले जाण्याची नसते, पंच होण्याची असते. पंचाने बाटल्या मोजायच्या, नमुन्यासाठी 180 मिलीच्या बाटलीत दारू काढताना बघायचं, तिच्या तोंडावर गरम लाखेचं सील पडताना बघायचं, कागदी लेबलवर सही करायची. ते लेबल नमुन्याबरोबर रासायनिक विश्लेषकाकडे जातं, आणि विश्लेषक सांगतो की ही दारूच आहे. पुढे कधीतरी समन्स येतं तेव्हा पंचाला आठवावं लागतं की लाख तांबडी होती की कशी. म्हणून जीप दिसली की पानाच्या टपरीवरची गर्दी अशी पांगते की मालकाला स्वतःच्याच टपरीत एकटं वाटतं.

सगळ्यात गमतीचा प्रवास बोंडूचा. मार्च ते मे आमच्या बागांतून काजूचे बोंडू टेम्पो भरभरून गोव्यात जातात. बी आम्ही ठेवून घेतो, फळ देतो. नाक्यावर कुणी अडवत नाही; फळ आहे, नासकं आहे, माश्या घोंगावताहेत, जा बाबा. पलीकडे ते तुडवतात, पिळतात, रस आंबवतात, भट्टीवर चढवतात. पहिल्या धारेचं उर्राक, ते पुन्हा गाळलं की फेणी. गोव्याच्या काजूफेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आता हाच बोंडू, आमच्याच कलमाचा, बाटलीत बसून घरी परतायला निघाला की नाक्यावर आरोपी. जाताना फळ, येताना मुद्देमाल!

निवडणूक आली की नाका पुन्हा वेगळा होतो. मांडव पडतो, स्थिर सर्वेक्षण पथक बसतं, व्हिडिओवाला येतो. आता बाटलीबरोबर नोटाही शोधायच्या असतात. पन्नास हजारांच्या वर रोकड असेल तर कागद दाखवा. 2024 ला आमचं आणि गोव्याचं लोकसभेचं मतदान एकाच दिवशी, 7 मे रोजी होतं, आणि हा ऐन काजूचा हंगाम. पाच क्विंटल बी विकली की मर्यादा ओलांडते. आमच्याकडचा कागद म्हणजे व्यापाऱ्याने पेन्सिलीने वजनं लिहिलेला सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा. तो कॅमेऱ्यासमोर उलटसुलट धरून दाखवावा लागतो. रक्कम जप्त झाली तर सोडवायला जिल्ह्याची समिती असते, म्हणजे ओरोसची वारी, पेट्रोल महाराष्ट्राच्या दराने.

कोविडात तर डिकीचाही मान गेला आणि नाकाला आला. 2020 चा उन्हाळा आणि पावसाळा बंदीतच सरला. गोव्याने 1 सप्टेंबरला सीमा मोकळी केली तेव्हा पलीकडच्या मावशीला अलीकडचा भाचा पाच महिन्यांनी दिसला, दाढीसकट. पुन्हा 10 मे 2021 पासून कोर्टाच्या आदेशाने गोव्यात शिरायला 72 तासांच्या आतला निगेटिव्ह अहवाल लागू लागला. पर्यटकाला हे सोपं आहे. रोज कामाला जाणाऱ्याचा हिशेब मांडून बघा. 72 तास म्हणजे तीन दिवस. नमुना दिल्यापासून अहवाल हातात येईपर्यंत त्यातला एक दिवस, नशीब खोटं असेल तर दोन, प्रयोगशाळेतच संपतात. उरल्या दिवसात कामावर जायचं की पुढच्या नमुन्याच्या रांगेत उभं राहायचं? सोमवारचं नाक शुक्रवारी चालत नाही.

मागे 2018 मध्ये मासळीतल्या फॉर्मेलिनवरून गोव्याने बाहेरची मासळी अडवली, इन्सुलेटेड गाडी हवी म्हणून नियम केला, तेव्हा मासेही या चक्रातून गेले आहेत. सुटला तो फक्त हत्ती. सप्टेंबर 2025 मध्ये ओंकार नावाचा टस्कर आपल्या कळपाला सोडून सरळ गोव्याच्या पेडण्यात उतरला, तिथल्या भातशेतीत जेवला आणि पुन्हा सिंधुदुर्गात आला. दोन राज्यांची वनखाती त्याच्या मागे. त्याला कुणीही ‘डिकी उघडा’ म्हटल्याचं ऐकिवात नाही.

संध्याकाळी परतताना पलीकडचा शिपाई विचारतो, ‘खंय वता?’ पन्नास पावलांवर आमचा विचारतो, ‘खंय चल्लास?’ दोघांनाही उत्तर एकच द्यायचं, ‘घरा.’ मग उतरायचं, स्टँड, सीट दाबून किल्ली, टक. टॉर्चचा झोत आत पडतो. चेपलेले उंडे, मुळ्याची जुडी, तळाला मासळी. शिपाई वाकून वास घेतो. ‘बांगडे?’

‘होय.’

‘कितीक दिले?’

भाव सांगितला की तो खिशातून दोनशेची नोट काढतो. उद्या ड्युटीवर नसला तरी चालेल म्हणतो, मागच्या चहावाल्याकडे ठेवायचे, पण पिशवीला गाठ दुहेरी मारायची.