‘मजुरी द्या, समुपदेशन नको’ : घरकुलातल्या ताईंना उत्तर

ताई, नमस्कार.

तुम्ही नाव लिहिलं नाहीत, नुसतं ‘घरकुलातली’, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतली, एवढंच. चालेल.

मनाच्या आजारांवरच्या माझ्या मागच्या लेखाला तुम्ही पाठवलेल्या प्रतिक्रियेत शेवटी, जवळजवळ जाता जाता, लिहिलंय की शेजारच्या वहिनी रात्र रात्र झोपत नाहीत आणि परवा म्हणाल्या, ‘मी नसले तरच सगळ्यांचं बरं होईल.’ त्याचं उत्तर आधी. वाद नंतर घालू. आज त्यांच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का. असं विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला जागा मिळते. ‘हो’ म्हणाल्या तर त्यांना एकटं सोडू नका, घरातलं उंदराचं, ढेकणाचं औषध आणि गोळ्यांचा साठा बाहेर काढा, आणि सिव्हिलला घेऊन जा. अपघात विभाग रात्रीही उघडा असतो. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, भाषा निवडता येते. पोलिसांची भीती घरच्यांना असेल तर सांगा की २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा करायची नसते. आणि केसपेपर तुम्ही काढा. त्या रांगेत एकट्या उभ्या राहिल्या तर निम्म्यातून परत येतील.

आता बाकीचं.

सोलापुरातल्या वस्त्यांनी, म्हणजे बचत गट, आशाताई, तरुण मंडळं यांनी, मनाच्या आजारांच्या कामात दवाखान्यांबरोबर उतरावं असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं : विडी वळणाऱ्या बाईला आधी मजुरी वाढवून द्या. सरकारचं काम बायकांच्या गळ्यात फुकट बांधू नका. आणि गल्लीत एकीला ‘मनाचं’ काही आहे असं कळलं की दिवे लागेपर्यंत अख्ख्या घरकुलाला कळतं.

मजुरीवर तुमच्याशी भांडण नाही. २०२१ साली देशात १,६४,०३३ आत्महत्यांची सरकारी नोंद झाली, त्यातले ४२,००४ रोजंदारीवर जगणारे होते. चारातला एक. हे पाहूनही कुणाला पैशाचा आणि मनाचा संबंध दिसत नसेल तर त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही. तरीही ‘मजुरी आधी, उपचार मागाहून’ हे मला पटत नाही. नैराश्यात हातच चालत नाही हो. जी हजार विड्या वळायची तिचा हात पाचशेवर थांबतो, म्हणजे मजुरी आपोआप अर्धी. आठवड्याचा हप्ता मागायला फायनान्सवाला मात्र वेळेवर दारात. मजुरीची लढाई युनियन लढतेय, लढेलच. पण तिचा निकाल लागेपर्यंत तुमच्या वहिनींना थांबायला सांगायचं का?

फुकटेपणाबद्दल तुम्ही लिहिलंत ते मात्र मनापासून पटलं, आणि ते किती खरं आहे हे एका फॉर्ममध्ये दिसतं. आशाताईंकडे सीबॅकचा, म्हणजे आजारांचा धोका आधीच ओळखण्यासाठीचा, फॉर्म असतो. तिशीच्या वरच्या प्रत्येकाचा भरायचा. बीपी, शुगर, तंबाखू, कॅन्सरची लक्षणं विचारून झाली की शेवटी मनाचे दोन प्रश्न : गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झाला का, आणि मन उदास, निराश राहिलं का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, बेरीज तीनच्या वर गेली की पुढं पाठवायचं. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात काय होतं? बाई दारात मांडीवर सूप घेऊन बसलेली, कात्रीनं पानं कापणं चालू, शेजारी जाऊ विडीला दोरा बांधतेय, उंबऱ्यात सासू. आशाताई फॉर्ममधलं वाक्य मराठीत जसंच्या तसं वाचते. बाई मान वर न करता म्हणते, ‘नाही, बरंय.’ शून्य, शून्य, पुढचं घर. तीच आशाताई त्या बाईच्या घरची तेलुगू बोलणारी असली आणि फॉर्म पिशवीत ठेवून दहा मिनिटं पानं कापायला बसली, तर डोकं जड होतं, हातापायातलं बळ गेलंय, पहाटे तीनला जाग येते ती येतेच, असं एकेक बाहेर पडतं. पण त्या दहा मिनिटांचा मोबदला कुठं लिहिलेला नाही. मोबदला भरलेल्या फॉर्मचा. तेव्हा माझं म्हणणं साधं आहे : त्या दहा मिनिटांचे पैसे द्या, नाहीतर आशाताईच्या पिशवीत आणखी कागद कोंबू नका.

मात्र वस्तीनं हात लावला की सरकार सुटतं, हे गणित चुकीचं आहे. त्याच मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १८ वाचा. सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारावर उपचार हा हक्क आहे, मेहेरबानी नाही. किमान सेवा जिल्ह्यात मिळत नसेल तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणच्या उपचाराचा खर्च सरकारनं सोसायचा आहे. हक्क कागदावरून खाली कसा उतरवायचा हे मी घरकुलातल्या बाईला सांगावं, म्हणजे जरा आगाऊपणाच. कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत कशी उभी राहिली? कामगार नेते नरसय्या आडम मास्तर आणि विडी कामगार बायकांनी मागितली, मोर्चे काढले, केंद्र, राज्य आणि कामगार असा तिघांचा वाटा ठरला आणि दहा हजार घरं झाली. सरकार करेल म्हणून त्या घरी बसल्या नाहीत आणि वाटा भरला म्हणून सरकारला सोडलंही नाही. मला भागीदारी म्हणायचंय ती हीच. फोटोपुरतं जागतिक मानसिक आरोग्य दिनाला बॅनर लावणारी नव्हे. (आपल्या मंडळांना बॅनरची हौस दांडगी. डीजेच्या वर्गणीतला दहावा हिस्सा जरी पेशंटच्या रिक्षाभाड्याला मिळाला तरी मी मंडळांबद्दल पुन्हा वाकडं लिहिणार नाही.)

गल्लीतल्या बोभाट्याचा तुमचा मुद्दा तिन्हींत सगळ्यात जड. कलम २३ गुप्ततेचा हक्क देतं, पण कलमानं नळावरच्या गप्पा थांबत नाहीत. म्हणून काही गोष्टी मी हट्टानं मागतो. जिच्याशी बोलायचं ती बाई आपल्याच गल्लीतली नसावी, दोन गल्ल्या पलीकडची असावी, आणि कुणाशी बोलायचं हे आजारी माणसानं ठरवावं. वहीत नाव नको. मुख्य म्हणजे ‘मनाची खोली’ अशी वेगळी पाटी नको. गोव्यात मानस नावाच्या प्रयोगात स्थानिक लोकांना शिकवून समुपदेशक केलं आणि नेहमीच्याच दवाखान्यांत बसवलं. तिथं कोण बीपीला आलंय आणि कोण मनासाठी, हे बाकावरच्यांना कळायचं कारण नाही. २०१० साली त्याचे निष्कर्ष आले : सरकारी आरोग्य केंद्रांत बरे होणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, खाजगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. सरकारी दवाखान्याच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

आणि ताई, आज तरी काय झाकलेलं राहतंय? ‘बाहेरचं आहे’, ‘तिला लागलंय’ म्हणून गल्ली बोलतेच. गाणगापूर होतं, देवऋषी होतो, मग दवाखाना. देवाधर्माला मी नावं ठेवत नाही. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा-दुआ’ चालतं. मुजावर दुआ देतात आणि तिथंच बसलेल्या डॉक्टरकडेही पाठवतात. हे असं जुळवून घेतलं नाही की काय होतं ते तमिळनाडूत एरवाडीला दिसलं. ६ ऑगस्ट २००१ला दर्ग्याजवळच्या झोपडीवजा आश्रमात आग लागली आणि साखळीनं बांधलेली माणसं जागच्या जागी जळाली. २८ जण गेले.

वस्तीच्या माणसांनी फरक पडतो का, अशी शंकाही तुम्ही घेतलीय. पडतो. आपल्याच राज्यात, अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत विश्राम नावाचं काम झालं. गावातलेच कार्यकर्ते घरोघरी गेले, वर प्रशिक्षित समुपदेशक, त्याच्या वर डॉक्टर. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षानं २७.२ टक्के झाले. तरीही चारातले तीन जण बाहेरच राहिले, हेही सांगायला हवं.

समाजसेवा अधीक्षक म्हणून दवाखान्यात काम केल्यामुळे शेजारणीची गरज नेमकी कुठं लागते ते मला माहीत आहे : पहिल्या तीन आठवड्यांत. नैराश्याची गोळी सुरू केली की गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ मात्र पहिल्या दिवसापासून. बाई म्हणते, औषध लागू पडत नाही, आणि सोडून देते. तेव्हा रोज संध्याकाळी ‘घेतलीस का गं?’ विचारणारं कुणी असलं की ती टिकते. हे काम डॉक्टर करू शकत नाही. उलट शेजारीण गोळी लिहून देऊ शकत नाही, आणि ओपीडी भर दिवसा असते. म्हणजे एक खाडा. विडीवाली असो की यंत्रमागावरचा कामगार, महिन्यात दोन खाडे म्हणजे औषध फुकट मिळूनही महाग पडलं. मनोरुग्णालय म्हणाल तर आपल्याला जवळचं येरवडा, अडीचशे किलोमीटर.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ वस्तीजवळच्या आरोग्य केंद्रात मनाच्या आजारांची ओपीडी, तेलुगू-कन्नड समजणारं माणूस तिथं बसलेलं, आणि महिन्याचं औषध एकदम. तुम्ही घरकुलातल्या बायका असा अर्ज लिहिणार असाल तर मजुरीची मागणी पहिल्या ओळीत घाला. मी खाली सही करायला येतो.