पंचेचाळीस ब्रासचा भराव

आमचा प्लॉट विकत घेतला तेव्हा तो समोरच्या रस्त्याच्या बरोबरीने होता. पुढे प्लॉट होता तेथेच राहिला; रस्ता मात्र दर निवडणुकीच्या तोंडावर मुरूम, खडी आणि डांबर यांचा एकेक थर अंगावर घेत वर चढत गेला, आणि आळीतले सारे पावसाळी पाणी उताराच्या नियमाला जागून आमच्याकडे मुक्कामाला येऊ लागले. रस्ता उंच करताना आमची परवानगी कोणी मागितली नव्हती. त्यामुळे प्लॉट उंच करताना आपल्यालाही कोणाची परवानगी लागणार नाही, असा माझा भाबडा हिशेब होता.

भराव टाळण्याची सोयही नव्हती. तापीच्या खोऱ्यातली काळी जमीन कपाशीला आणि केळीला जितकी लाभते, तितकीच घराला जाचते. पावसाळ्यात ती फुगते, वैशाखात पारा 45 अंशांच्या घरात गेला की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि वर उभी असलेली भिंत या दोन्ही सोहळ्यांत तडे देऊन सहभागी होते. तेव्हा वरची काळी काढून टाका, मुरूम भरा, पाणी मारून धुमसाने दाबा आणि मगच चौथऱ्याचे नाव काढा, हा गवंड्याचा आदेश मला शिरसावंद्य होता. प्लॉट तीस बाय पन्नास, भराव तीन फूट, म्हणजे साडेचार हजार घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास धरला तर पंचेचाळीस ब्रास मुरूम हवा होता. ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या बरडावर तो भरपूर होता आणि तो काढून नेला तर त्यालाही हवेच होते. मी ट्रॅक्टरवाल्याला निरोप धाडला. तो आला, त्याने प्लॉट डोळ्यांनी मोजला आणि शांतपणे विचारले, "मुरूम शे, ट्रॅक्टर शे, पण पास कोठे शे, आप्पा?"

पासाची, म्हणजे मुरूम वाहून नेण्याच्या सरकारी परवान्याची, चौकशी करताना मला जे कायदेविषयक शिक्षण मिळाले, ते कोणत्याही विद्यापीठाने इतक्या उन्हात दिले नसते. मुरूम हे गौण खनिज, म्हणजे सरकारच्या लेखी किरकोळ पण परवान्याचे खनिज आहे, एवढे मी ऐकून होतो. पण केंद्र सरकारच्या 3 फेब्रुवारी 2000 च्या अधिसूचनेने बांध, रस्ते, रेल्वे आणि इमारती यांच्या बांधकामात भरावासाठी किंवा सपाटीकरणासाठी वापरली जाणारी साधी मातीदेखील गौण खनिज ठरलेली आहे, हे मला नवीन होते. पुढे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयात पायाच्या खोदाईतून निघालेल्या मातीचा प्रश्न गेला, तेव्हा त्या मातीचा प्रत्यक्षात उपयोग कशासाठी झाला हे पाहूनच ती या व्याख्येत बसते की नाही हे ठरेल, असा निर्णय झाला. म्हणजे माणसाच्या हेतूची चौकशी तर पूर्वापार होतच होती. आता मातीच्याही हेतूची होऊ लागली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 48 नुसार विनापरवाना उत्खनन किंवा वाहतूक आढळली, तर खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि वाहनही अडकते. ट्रॅक्टरवाल्याचा आवाज एवढा शांत का होता, ते तेव्हा कळले.

तहसील कचेरीतल्या गौण खनिजाच्या टेबलावर जो अर्जाचा नमुना मिळाला, तो खोदणाऱ्यांना समोर ठेवून तयार केलेला होता. उत्खननाचे ठिकाण, गट क्रमांक, चतुःसीमा, खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली, सारे काही त्यात विचारले होते. निघालेला माल जेथे जाणार, त्या जागेसाठी मात्र जेमतेम अर्धी ओळ होती. मुरूम एका ठिकाणाहून निघाला की तो कोठेतरी पडणार, ही शक्यता नमुना तयार करणाराने फारशी मनावर घेतलेली दिसली नाही. लिपिकाने पेन सरसावून विचारले, "तुमचा खड्डा किती खोल?" मी म्हटले, "भाऊसाहेब, खड्डा शेतकऱ्याचा. माझ्याकडे भरायचे आहे." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "मग शेतकऱ्याचा सातबारा, शेतकऱ्याचे संमतिपत्र, तुमचा उतारा, आणि ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला."

ग्रामपंचायतीत कोणाचीच हरकत नव्हती. मात्र तसे लिहून देण्यास सर्वांची हरकत होती. आधी तहसीलची परवानगी दाखवा, मग दाखला देऊ, असे तेथील उत्तर होते, आणि तहसीलमधले उत्तर याच्या नेमके उलटे होते. या दोन्ही कचेऱ्या एकाच आवारात आहेत आणि दोन्हीकडचे कर्मचारी चहाला एकाच टपरीवर येतात. शेवटी मी माझा अर्ज टपरीवरच दोघांसमोर ठेवला, तेव्हा कट चहा संपेपर्यंत प्रश्न सुटला. टपरीला आवक-जावक नोंदवही नसल्यामुळेच हे शक्य झाले असावे, असे माझे मत आहे.

मध्यंतरी एका हितचिंतकाने धरणातला गाळ आणण्याचा सल्ला दिला. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या 2017 पासूनच्या योजनेत गाळावर स्वामित्वधन, म्हणजे सरकारला भरायची रॉयल्टी, लागत नाही, हे त्याचे म्हणणे खरे होते. पण ती सवलत शेतात पसरायच्या गाळाला आहे. आणि काळ्या मातीचा जाच चुकवण्यासाठी घराखाली आणखी काळी माती भरायची, हे औषध रोगाच्याच घरचे होते.

त्यानंतर स्थळपाहणी झाली. कोतवालाने टेपचे एक टोक धरले, दुसरे मी धरले आणि तलाठी आप्पा लिंबाच्या सावलीतून आकडे विचारत राहिले. पंच म्हणून शेजारच्या अण्णांना बोलावले. त्यांनी आधी सही केली, मग पंचनामा वाचला आणि मग हरकत घेतली, की माझा प्लॉट उंच झाल्यावर पाणी त्यांच्याकडे जाईल. हे अगदी खरे होते. रस्त्याने मला जे दिले, तेच मी पुढे सरकवणार होतो. कडेने गटार काढून देण्याचे मी लिहून दिले, तेव्हा अण्णांचे समाधान झाले, आणि "उरलेला मुरूम आमच्या ओट्याला टाका" अशी पुरवणी मागणीही त्यांनी नोंदवली.

स्वामित्वधनाचा दर 2021 मध्ये ब्रासमागे 400 रुपयांवरून 600 रुपये झालेला आहे, त्याप्रमाणे पंचेचाळीस ब्रासचे सत्तावीस हजार रुपये मी चलनाने भरले. मुरूम फुकट मिळाल्याचा माझा आनंद तेथेच संपला. पुढे पास निघाले. त्यांच्यावर वाहनाचा क्रमांक, मार्ग आणि मुदत छापलेली असते; वाटेत ट्रॉलीचे टायर बसले, तर मुदत टायरासाठी थांबत नाही. एकदा तसे झाले, तेव्हा ट्रॅक्टरवाला जॅक लावण्याआधी पासावरची वेळ पाहत होता. एवढे सारे पार पडून मुरूम पडला, पसरला, पाणी मारून दाबला गेला, आणि मृगाच्या पहिल्या सरींनी उरलीसुरली पोकळीही मिटवली. गवंडी खूश झाला.

मग अंतिम मोजणी आली. कोतवालाने पुन्हा टेप धरला आणि भराव अडीच फूट निघाला. परवानगी पंचेचाळीस ब्रासची, पास पंचेचाळीस ब्रासचे, आणि जागेवर आढळला साडेसदतीस ब्रास. उर्वरित साडेसात ब्रास गौण खनिजाची परस्पर विल्हेवाट लावल्याबाबत आपणावर कारवाई का करण्यात येऊ नये, अशी नोटीस मला आली. अण्णांच्या ओट्याकडेही संशयाने पाहून झाले. तो ओटा पूर्वीइतकाच बुटका होता. लिपिकाने सहानुभूतीने सांगितले, की तोंडी सांगून उपयोग नाही, लेखी खुलासा द्या आणि भाषा सरळ ठेवा. त्याप्रमाणे मी लिहिले:

"महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय खुलासा सादर करण्यात येतो की, सदर साडेसात ब्रास मुरूम हा पाणी मारल्यामुळे, दाबल्यामुळे व पाऊस झाल्यामुळे खाली बसलेला असून तो जागेवरच हजर आहे. तो कोठेही गेलेला नाही. आवश्यकता भासल्यास तो उकरून, मोकळा करून, पुन्हा मोजून देण्याची अर्जदाराची तयारी आहे; मात्र त्याकरिता उत्खननाची परवानगी मिळावी, ही विनंती."